नव्या तारा बसेपर्यंत

माझा स्वभाव मुळातच उतावळा. चहा उकळायच्या आत गाळणारी बाई मी. नवरा म्हणतो, हिला स्वर्गाच्या दारात रांग लावायला सांगितली तर ही मागच्या दाराने शिरेल. अशा बाईच्या हातात निवृत्तीनंतर व्हायोलिन आलं, तेही पप्पांच्या हट्टाने. "शाळेत पोरांवर ओरडून ओरडून तुझा कान बधिर झालाय, तो जागेवर आणू," असं म्हणत त्यांनी मला शिकाऊंसाठी मिळतं तसलं साधं व्हायोलिन घ्यायला लावलं. मग रोज संध्याकाळी समोर बसवून दोन वर्षं माझ्याकडून घासून घेतलं. आई गेल्यापासून मी आणि नवरा त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे पळायला जागा नव्हती.

पापडी गावातल्या आमच्या ख्रिस्ती आळीत मे महिनाभर रोज संध्याकाळी क्रूसापुढे रोझरी होते, म्हणजे मरियामातेची माळेची प्रार्थना. पाच रहस्यं म्हणजे माळेचे पाच टप्पे, मध्येमध्ये गाणी, शेवटी उकडलेले चणे. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून त्या गाण्यांना साथ पप्पांच्या व्हायोलिनची. कधी ताप असो, कधी वाडीत केळीचं काम अंगावर आलेलं असो, संध्याकाळ झाली की पांढरा शर्ट घालून पप्पा क्रूसाच्या पायरीशी उभे. व्हायोलिन नाही तर मे महिना नाही, असं आळीतल्या बायका म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता म्हणे. हलका म्हणणाऱ्याला काय जातंय? बोलणं परत आलं, काठी घेऊन चालणं जमलं, उजवा हात धडधाकट राहिला. पण डाव्या हाताची बोटं ऐकेनात, आणि व्हायोलिनचे सूर तर त्याच बोटांनी दाबायचे. पप्पांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटी कपाटात ठेवली आणि घराबाहेर पडणं बंद केलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सेलासुद्धा जाईनात. फादर घरी येऊन कम्युनियन देऊन जायचे. डॉक्टर म्हणत होते फिरवा, मी म्हणत होते चला, आणि पप्पा म्हणत, "माझं संपलं. तू जा."

एप्रिलमध्ये आळीतल्या पोरांनी ठरवलं की यंदा स्पीकर लावायचा. मोबाइलवरून गाणी, सगळं तयार, कुणाला त्रास नको. मी तिथेच उभी होते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "स्पीकर ठेवा तुमच्या लग्नाला. क्रूसापुढे मी वाजवणार." बोलून बसले आणि घरी येईपर्यंत पस्तावले. पण एक विचार डोक्यात घट्ट बसला होता. आपल्या व्हायोलिनचा आवाज क्रूसापासून घराच्या खिडकीत गेला, गोड गेला, तर हा माणूस बाहेर येईल. मला बाकी काही नको होतं. पप्पांनी उंबरा ओलांडावा, एवढंच.

आणि मे उजाडायला आठवडा राहिला असताना सरावात सर्वांत बारीक तार फट्कन तुटून माझ्या गालाला लागली.

आमच्याकडची हवा खारी. लोखंडी गेट खाते तर तारेचं काय घेऊन बसलात! बाकीच्या तीनही काळ्या पडल्या होत्या, बोटाला खरखरीत लागत होत्या. नवा सेटच घ्यायला हवा होता. स्टेशनजवळच्या वाद्यांच्या दुकानात गेले. ते दुकान म्हणजे भिंतभर गिटारी आणि कोपऱ्यात एक केविलवाणं व्हायोलिन. दुकानदाराने दोन पाकिटं समोर ठेवली. एक स्टीलच्या तारांचं, आपल्या खिशाला परवडेल असं. दुसरं सिंथेटिक म्हणजे आतून नायलॉनसारख्या धाग्याच्या तारांचं. ते स्टीलच्या चौपट महाग, तरी मोठ्या वादकांच्या तारांपेक्षा पुष्कळ स्वस्त. "स्टील कडक बोलणार, हे मऊ बोलणार," तो म्हणाला. "पण मॅडम, मऊवाल्यांना बसायला वेळ लागतो." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुकानदार काहीतरी बोलायचेच.

काहीही न घेता घरी आले. मग जी घालमेल सुरू झाली ती विचारू नका. मोबाइलवर लोकांनी लिहिलेलं वाचत बसले. एक म्हणतो स्टीलचा आवाज किंचाळतो. दुसरा म्हणतो शिकाऊंनी स्टीलच घ्यावं, नायलॉन म्हणजे पैसे पाण्यात. तिसरी कोणी लिहिते, सिंथेटिक तारांचा आवाज उबदार. तार उबदार? गोधडी आहे का ती? भाजी फोडणीला टाकून मोबाइल बघायचे, भाजी करपायची. सकाळी स्टील ठरायचं, दुपारी नायलॉन. स्कूटी काढून दुकानापर्यंत जायचे आणि बाहेरून बघून परत फिरायचे. नवरा म्हणाला, "अगं, मुलीसाठी स्थळ बघताना एवढा विचार नव्हता केलास." मी त्याच्यावर खेकसले. त्याची चूक नव्हती, पण जवळ तोच होता.

पप्पांचं मत मला पाठ होतं. ते जन्मभर स्टीलच्याच तारा लावत आले. "क्रूसापुढे वाजवायचंय, राजवाड्यात नाही," असं म्हणायचे. पण पप्पांच्या हातात स्टीलही गोड लागायचं. माझ्या हातात तीच तार घासलेटच्या डब्यासारखी वाजते. ती ऐकून ते बाहेर कशाला येतील? उलट खिडकी लावून घेतील. शेवटी न राहवून मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "पप्पा, स्टील घेऊ की दुसऱ्या?" ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "मला नको विचारू, बाय," एवढंच म्हणाले. इतका राग आला मला! ज्या माणसाने मला दोन वर्षं एकेका सुरासाठी रडवलं, त्याला आता माझी तार कुठली याचंही काही नाही? मागच्या पडवीत जाऊन मी रडून घेतलं आणि तशीच तणतणत स्कूटीला किल्ली लावली.

नायलॉनच्या आणल्या. आवाज मऊ हवा, बस्स. तोवर एप्रिल संपला होता. रोझरीच्या पहिल्या दिवशी सकाळी एक काढून एक अशा चारही चढवल्या. एकदम सगळ्या काढायच्या नसतात, नाहीतर तारांखालची लाकडी घोडी पडते, एवढं पप्पांनी शिकवलं होतं. बो, म्हणजे गज, तारांवर फिरवला आणि अंगावर काटा आला. खरंच मऊ बोलत होत्या. मला वाटलं, जिंकले.

संध्याकाळी क्रूसाला मोगऱ्याचे हार होते, मेणबत्त्या होत्या, खुर्च्या भरल्या होत्या. पोरांनी स्पीकर आणलाच होता, बाकाखाली लपवून. मला दिसला. पहिलं गाणं बरं गेलं. घराच्या खिडकीत दिवा दिसत होता आणि माझं अर्धं लक्ष तिकडे. पहिलं रहस्य संपलं, दुसरं गाणं सुरू केलं आणि माझ्या हाताखाली काहीतरी सरकतंय असं वाटायला लागलं. बोटं जागेवर होती, पण सूर जागेवर नव्हते. दुसरी तार उतरली होती, तिच्या मागोमाग तिसरी. नव्या नायलॉनच्या तारा ताणत जातात, पहिले काही दिवस सारख्या उतरतात. बसायला वेळ लागतो म्हणजे हे! जो आठवडा मी निवडण्यात घालवला, तो खरं तर त्यांना ताणून ठेवायचा आठवडा होता. मी नाही नाही ते वाचलं आणि दुकानदाराने तोंडावर सांगितलेलं सोडून दिलं. घ्या!

खुंटी पिळून तार चढवायची तर दमट हवेने खुंट्या फुगून बसलेल्या. जोर लावावा तर तार तुटायची भीती, गाल अजून दुखत होता. मी तशीच वाजवत राहिले. बायका एका सुरात, मी खालच्या सुरात. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, भक्तीने नाही. एका पोराचा हात बाकाखाली गेला. देवमाते मरिये, मला उचल, असं मी मनात म्हणत होते आणि घामाने हनुवटीखालून व्हायोलिन निसटत होतं.

तिसऱ्या रहस्याची 'नमो मरिया' चालू असताना मागून काठीचा आवाज आला. मग ओरडणं. "तार उतरलीय! दुसरी तार उतरलीय, ऐकू येत नाही का?"

सगळ्यांनी माना वळवल्या. पप्पा. अंगात बनियन, खाली पायजमा, पायांत चप्पल नाही. घरापासून क्रूसापर्यंत तो माणूस एकटा चालत आला होता आणि रागाने लाल झाला होता. "घरात बसवेना मला," ते म्हणाले. "कुठून आणल्यास या तारा? आण इकडे." प्रार्थना थांबली होती. त्यांनी काठी हवेत हलवली. "तुम्ही का थांबलात? चालू ठेवा!"

ते क्रूसाच्या पायरीवर बसले, व्हायोलिन मांडीवर आडवं धरलं आणि म्हणाले, "पेन्सिल." शिक्षिकेच्या पर्समध्ये निवृत्तीनंतरही पेन्सिल असतेच. खुंटी बाहेर ओढून त्यांनी ती गुळगुळीत फिरावी म्हणून तिच्यावर पेन्सिलचं शिसं घासलं, परत बसवली आणि उजव्या हाताने हळूहळू पिळली. कान तारेला लावलेला, डोळे मिटलेले. डावा हात नुसता व्हायोलिनवर टेकवलेला होता, धरल्यासारखा. लोक 'नमो मरिया' म्हणत होते आणि मी तिथे उभी राहून हुंदके देत होते, लाज न बाळगता.

मग प्रत्येक रहस्यानंतर ते हात पुढे करायचे, मी व्हायोलिन द्यायचे, ते तार चढवून परत द्यायचे. सगळ्यांदेखत शिव्याही घातल्या. "मान वाकडी. बो सरळ. ही काय भात ढवळायची पळी आहे का?" महिनोन् महिने न बोललेला माणूस! पोरं हसत होती आणि स्पीकर बाकाखालीच राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरातून निघाले तर पप्पा पांढरा शर्ट घालून, काठी घेऊन पडवीत तयार. "त्या तुझ्या नखरेल तारा उतरणार," ते म्हणाले. "चल."

तसंच रोज. आणि मग एका संध्याकाळी, अजून निम्मा महिना बाकी असताना, मी निघण्याआधी व्हायोलिन तपासलं आणि चारही तारा जागेवर. कालच्या सुरात, केसभरही हललेल्या नाहीत. तारा बसल्या होत्या. मी खूश व्हायला हवं होतं. पण पडवीतून काठी टेकल्याचा आवाज येत होता. ते विचारणार होते, उतरल्या का? आणि नाही म्हटलं की काठी भिंतीला लावून परत आत जाणार होते. त्यांना मी पुरती ओळखते. गरज नसेल तिथे तो माणूस उभा राहत नाही.

मी दार लोटून घेतलं आणि दुसऱ्या तारेची खुंटी हळूच सैल केली. "उतरली का?" बाहेरून आवाज आला. "उतरली, पप्पा! मेल्या बसतच नाहीत!" मी ओरडले.

त्या संध्याकाळपासून महिनाअखेरपर्यंत मी रोज दार लोटून एक खुंटी सैल करत होते. कधी दुसरी, कधी तिसरी, संशय नको म्हणून. ते क्रूसाच्या पायरीवर बसून रोज चढवत होते आणि रोज तारांना नावं ठेवत होते. मध्यंतरी मिस्सेलाही आले, शर्टाची वरची गुंडी लावून.

शेवटच्या दिवशी रोझरी संपली. पप्पांनी कागदातले चणे उजव्या हाताने एकेक करून खाल्ले आणि घराकडे चालताना माझ्या खांद्यावर हात टेकला. मी म्हटलं, "पप्पा, तुमचंच खरं होतं. पुढच्या वर्षी स्टीलच्याच आणते. एकदा लावल्या की महिनाभर बघायला नको."

ते दोन पावलं चालले. मग थांबून खोडकर पोरासारखं माझ्याकडे बघत म्हणाले, "स्टीलच्या नको आणू, बाय. ह्याच आण. आणि दार लोटत जाऊ नकोस, कडी लावत जा. खुंटीचा आवाज पडवीत येतो."