सतरा एकांचा भाजक

मुरुमच्या शाळेत मुजीब सर गणित शिकवायचे. नोकरीच्या शेवटच्या वर्षी दहावीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर ओळीनं सतरा एक लिहिले आणि ठोकून दिलं, "ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडली, तर हिला कुणाचाच भाग जात न्हाय."

मागच्या बाकावरून नंदानं विचारलं, "कुणी बघितलंय भागून?"

वर्ग हसला. सरही हसले, पण घरी येईस्तोवर त्यांचं हसू मावळलं. भागून त्यांनी बघितलं नव्हतं.

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी ते वही घेऊन बसले. या संख्येचा मूळ भाजक असलाच, तर त्याला चौतिसानं भागल्यावर बाकी एकच उरणार, हे त्यांनी आधी कागदावर सिद्ध केलं. तीन, पाच, सातनं भाग जाणारे आकडेही गाळले. त्यानं काम पुष्कळ हलकं झालं. मग अंदाज काढला. रोज आठ भागाकार केले, तर संख्या मूळ असल्याची खात्री पटायला जवळपास पाचशे वर्षं लागणार होती. हे त्यांनी घरात सांगितलं नाही.

साडेनऊ वर्षं पहाटेच्या फजरच्या नमाजनंतर आठ भागाकार, त्याशिवाय चहा नाही. भरलेल्या वह्या त्यांची बायको अन्वरी आपल्या बांगड्यांच्या दुकानात न्यायची. गावातल्या बायका सरांच्या भागाकारांत गुंडाळलेल्या बांगड्या घरी घेऊन जायच्या.

गेल्या मार्चमध्ये एका मंगळवारी सरांनी वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं भाग घातला आणि खाली शून्य आलं. त्यांनी तीनदा ताळा केला. शून्य हललं नाही.

"हुआ क्या?" अन्वरीनं विचारलं.

"झालं. मी पोरांना चुकीचं शिकवलं होतं."

"मग आज चहा लवकर ठेवू?"

नंदाला हे सांगणं भाग होतं. लग्न होऊन ती सास्तूरला गेली होती, तिथं शिवणक्लास चालवायची. सर मोटारसायकल काढून थेट तिच्या दारात गेले आणि वहीचं पान पुढं केलं.

"नंदा, तुझी शंका बरोबर होती."

नंदानं कात्री खाली ठेवली, पान वरपासून खालपर्यंत बघितलं. "सर, म्या असं कवा विचारलं?"

"दहावीत. मागच्या बाकावरून."

"मला तर काय आठवंना. गणिताच्या तासाला म्या तोंड बी उघडत नव्हते."

सरांनी पानावरचं शून्य बोटानं दाखवलं. ते बघून नंदाला अवघडल्यासारखं झालं. काहीतरी करावं म्हणून तिनं फोन घेतला, मोजून सतरा एक दाबले आणि या संख्येला कशाचा भाग जातो ते विचारलं. उत्तर लगेच आलं. सर समोर बसले होते, त्यांना आकडे उलटे दिसत होते. पण ते सात आकडे त्यांनी कुठूनही ओळखले असते.

नंदानं पडद्याकडं बघितलं, सरांच्या पानाकडं बघितलं आणि फोन पालथा ठेवला.

"न्हाय दावत, सर. रेंज न्हाय इथं."

"न्हायच दावायचा," सर म्हणाले. "लई मोठी संख्या हाय ती."

चहा पिऊन ते परतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या वहीत एकोणीस एकांची संख्या लिहिली. ही मात्र खरोखरच मूळ आहे. फोननं ते तिथल्या तिथं सांगितलं असतं. सरांनी कुणालाच विचारलं नाही. या खेपेला अडतिसानं भागून बाकी एक उरणारा भाजक हवा, एवढं पहिल्या ओळीत लिहून त्यांनी त्या दिवशी नऊ भागाकार केले.