चऱ्हाटाचं टोक

“आवर रं ता चऱ्हाट! पानी चाललाय!”

काका होडीतून ओरडत होता आणि त्याचा आवाज वाशीच्या पुलावर आपटून परत येत होता. मी जेट्टीवर बाबांच्या अस्थींचं मडकं पोटाशी धरून उभा. माझ्या आणि होडीच्या मधोमध गावचे पुढारी उभे होते आणि त्यांचं भाषण चालू होतं.

चऱ्हाट म्हणजे जाडजूड, लांबच लांब दोर. पण आमच्या शिरवण्याच्या घरात हा शब्द माणसाच्या बोलण्यालाच लावायचे, तोही बहुतेक वेळा माझ्याच. कोपऱ्यावर कोळंबी आणायला गेलो तरी मला वाटेत मगर भेटल्याशिवाय राहायची नाही. बाबा घास हातात धरून विचारायचे, “तुज्या चऱ्हाटाला टोक हाय का रं?” मिठागरात आणि खाडीत दोर ओढून हातांची सालं गेलेला माणूस. टोक सापडलं नाही की त्यांना चैन पडत नसे.

जाताना बाबांनी मागून मागितलं ते एवढंच. “मना भरल्या पान्यान सोडा. चिखलान आख्खा जनम गेला.” ते गेल्यापासून आई रोज तेवढंच बजावत होती. म्हणून भरती बघून आलो होतो. होडीत पाय टाकणार तेवढ्यात पुढारी म्हणाले, “दोन शब्द बोलतो.”

“या भूमीच्या कर्तव्यनिष्ठ सुपुत्राच्या अकल्पित महाप्रयाणाने” असं जे निघालं ते समुद्रमंथनात शिरलं, तिथून शिवकाळात, तिथून थेट नव्या विमानतळावर उतरलं. तेवढ्यात पलीकडे न्हावा शेव्याला एक जहाज आलं, रिकामं झालं, भरलं आणि परदेशी निघूनही गेलं. सकाळी भादरलेल्या माझ्या डोक्यावर केस उगवले. एरवी एवढ्या भांडवलावर मी वर्षभर माणसं हसवली असती. त्या दिवशी कानात कापूस कोंबल्यासारखं सगळं लांबून येत होतं. पाणी एकेक पायरी सोडत होतं ते मला दिसत होतं. टीव्हीचा आवाज बंद करून बघावं, तसं बघत होतो.

काका पुन्हा ओरडला, “आवर चऱ्हाट!”

पुढारी थांबले. त्यांनी काकाकडे बघितलं, मग होडी बांधलेल्या दोराकडे. “अहो, दोर आवरा म्हणतायत ते,” मला म्हणाले, “आवरा, आवरा.” आणि अस्थींसोबत आलेल्या मंडळींकडे वळून, “तर मित्रहो...”

मला का अर्थ कळत नव्हता? पण कुणीतरी काम सांगितलं आणि हात आपले आपण निघाले. मडकं खाली ठेवलं. खुंटाला बांधलेला दोर सोडला, बाबा करायचे तसं नीट वेटोळं केलं आणि होडीत टाकलं.

“दोर नाय रं, त्याला आवर, त्याला!”

काकाने वल्हं हातात घेईपर्यंत ओहोटीने होडी नेलीसुद्धा. बरीच खाली जाऊन ती चिखलात बसली. त्यात काका, मूठ वळून, अजून ओरडतोय. मंडळी हसली. मीही हसलो असेन.

भाषण संपलं तेव्हा खाडीत पाण्याची एक रेघ उरली होती. पुढाऱ्यांनी माझा खांदा थोपटला, “शब्द अपुरे पडतात हो,” म्हणाले. मी मडकं घेऊन गुडघाभर चिखलात उतरलो. रेघेपर्यंत पोचवलं आणि ओतलं. थोडी राख पाण्याबरोबर गेली, बाकीची तिथेच बसली. चिखल गार होता, एवढंच आठवतं.

घरी आई उंबऱ्यात बसली होती. “भरल्या पान्यान सोडलास ना त्यांना?”

मग मी सुटलो. पाणी म्हणजे काय पाणी, आई! जेट्टीच्या वर! मी छातीभर उभा, काका होडी धरून दमलेला. मडकं तिरकं करायच्या आधीच बाबा निघाले, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. बोईट मासळी उड्या मारत संगती गेली, पार उरणच्या पुढे...

आई ऐकत होती. बघत मात्र माझ्या पायांकडे होती. गुडघ्यापर्यंतचा चिखल वाळून पांढरा पडला होता.

मी थांबलो.

“पाय धू,” आई म्हणाली.