दुर्बिणीच्या पेटीतला खर्रा

त्या दिवशी टॉवरचा रेडिओ बिघडला नव्हता. माझ्या तोंडात खर्रा होता. एवढं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि चौकशीच्या कागदावर तर नाहीच नाही.

मी विमानांना वाट देणारा माणूस. आमची धावपट्टी लहान, विमान शिकणाऱ्या पोरापोरींची. ती नेमकी कुठली, ते विचारू नका. बालाघाटहून आम्ही दोघं एकाच मोटरसायकलवर ड्युटीला जायचो, पुढे आमचे रेडिओ मेकॅनिक आणि मागे मी. ते मूळचे राजेगावचे, वयाने माझ्याहून बरेच मोठे. मी त्यांना दादा म्हणायचो. ते मला टॉवरमध्ये 'साहेब' म्हणायचे आणि रस्त्यात गाडी अडली की 'धक्का मारा जी'.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला ऐवज. आमच्या भागात तो चहासारखा चालतो. दादांनी तो सोडला होता, कारण त्यांचं तोंड दोन बोटांपुरतंच उघडायचं. स्वतः सुधारलेला माणूस शेजाऱ्याला सुखाने जगू देत नाही. एका सकाळी त्यांनी भर रस्त्यात गाडी थांबवून मला खर्रा सोडायची शपथ घ्यायला लावली, आणि तेव्हापासून रोज निघताना माझ्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवायचे. मी ती मोठ्या इमानदारीने चघळत जायचो. पुडी टॉवरमध्ये दुर्बिणीच्या पेटीत असायची, काच पुसायच्या फडक्याखाली. पूर्वी कोपऱ्यात थुंकायला एक डबा होता. आमच्या वरिष्ठांनी तो काढायला लावला आणि 'येथे थुंकू नये' अशी पाटी लावून घेतली. पाटीवरचं अक्षर माझंच.

त्या दुपारी आकाशात एकच विमान होतं. दोन इंजिनांचं, आणि आत एक शिकाऊ मुलगी एकटीच. आता काही होत नाही म्हणून मी पुडी काढून भरघोस बार भरला, आणि तेवढ्यात तिचा आवाज आला. रेडिओवर सगळं इंग्रजीत चालतं, मी मराठीत सांगतो. ती म्हणाली, "डाव्या चाकाचा दिवा लागत नाही. टॉवरजवळून खालून जाते. चाक उतरलंय का, बघून सांगा."

अशा वेळी वैमानिकाला हात दोन आणि कामं दहा असतात. वेग सांभाळा, उंची सांभाळा, यादी वाचा, न लागणाऱ्या दिव्याकडे बघा. त्यांना शिकवतात की आधी विमान उडवायचं, मग दिशा धरायची आणि बोलणं सगळ्यात शेवटी. म्हणून खालच्या माणसाने मोजकंच बोलावं, पण विचारलेलं चटकन सांगावं. मोजकं बोलण्यात मी त्या दिवशी कुठेच कमी पडलो नाही.

ती समोरून गेली. दुर्बिणीतून तिन्ही चाकं स्वच्छ दिसली. आता सांगायचं, तर तोंड गळ्यापर्यंत भरलेलं. खिडक्यांच्या काचा बंद, डबा गेलेला, आणि समोर माझ्याच अक्षरातली पाटी. मी सगळं गिळलं.

ज्याने खर्रा कधी गिळला असेल त्याला पुढचं सांगायला नको. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मग उचकी सुरू झाली. बटण दाबून बोलायला जावं तर उचकी यायची, हात दचकायचा, बटण सुटायचं. वर पोचलं ते एवढंच : 'तिन्ही... चा... उत...'

तिने सांगितलं की आवाज तुटतोय, पुन्हा बोला. मी पुन्हा बोललो, पुन्हा तुटलो. तिसऱ्यांदाही तेच. बिचारी आधीच एका बिघाडाशी झुंजत होती, त्यात मी आणखी एक लावून दिला. मग वर्गातल्या दांडगट पोराशी मास्तरीण बोलते तसं म्हणाली, "टॉवर, तुम्ही बोलू नका. चाक उतरलं असेल तर फक्त दोनदा बटण दाबा."

मी नाक दाबून श्वास कोंडला आणि दोनदा बटण दाबलं. तिने विमान असं उतरवलं, जसं कोणी भरलं ताट जमिनीवर ठेवावं. दिव्याचा बल्बच गेला होता. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली, आणि ती शाबासकी तिच्या हक्काचीच होती.

संध्याकाळी ध्वनिमुद्रण ऐकायला बसलो. दादा खाली मान घालून ऐकत होते. म्हणाले, "तुटून राह्यलंय खरं. पण सकाळी तं मीच तपासलं होतं जी." मी अहवालात लिहिलं, 'आवाज मधूनमधून खंडित होत होता.' एकही अक्षर खोटं नाही. तपासणीत हयगय केली म्हणून दादांना लेखी ताकीद मिळाली.

मग त्यांनी रेडिओचा सेट उघडला. रोज उघडायचे, आणि बॅटरी मी धरायचो. चांगले सांधे पुन्हा डागले, धडधाकट वायरी बदलल्या. परतीच्या वाटेवर तोच विषय. भरवेलीच्या खाणीतले कामगार सायकलींवर शेजारून जायचे आणि दादा मान मागे वळवून माझ्याशी बोलायचे. कोणाला धडकलो नाही हे नशीब. एकदा त्यांनी गाडीच थांबवली.

"साहेब, तुमी बटण पुरं दाबलं होतं ना?"

"हौ जी, पुरं."

"मंग काहून झालं असंल? मले समजत नाही तोवर चैन नाही पडत."

आणि त्यांनी माझ्या हातावर बडीशेप ठेवली.

त्या दिवसानंतर मी खर्ऱ्याला हात लावलेला नाही. दादांना वाटतं, तो गुण त्यांच्या बडीशेपेचा. चार लोकांत तसं सांगतातही, आणि मी मान डोलावतो. त्यांच्या निरोपसमारंभात हार मीच घातला, त्यांच्या कानाची आणि हाताची तारीफ केली. उत्तरादाखल ते एवढंच बोलले की इतक्या वर्षांत एकच सेट मले हरवून गेला. लोक हसले. मीही हसलो.

पुढे तो सेट भंगारात निघाला तेव्हा दादांनी तो मागून घेतला आणि राजेगावला नेला. शेजाऱ्यांना वाटतं, म्हातारा टीव्ही बनवून राह्यला. मागच्या आठवड्यात फोन आला, "साहेब, दोष गावला वाटते." आवाजात किती आनंद होता. माझाही जीव हलका झाला, म्हटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, "नाही जी. तो सांधा बी चांगलाच निघाला."

त्यांच्याआधी हे तुम्हाला सांगतोय, यातही माझा भित्रेपणाच आहे. राजेगाव इथून काही लांब नाही. सेट चांगला होता, त्यांची तपासणी बरोबर होती आणि मी त्यांच्याशी खोटं बोललो, हे त्यांच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.