आमच्या डब्यातलं चीज

टेप मशीन अडकलं की पॅकिंगच्या बेल्टवर खोके कसे एकमेकांवर चढत जातात, तसे आमचे किस्से साचत जातात. सांगायला वेळ कुठंय? नगरच्या नागापूर एमआयडीसीत जेवणाची सुट्टी म्हणजे डबा उघडेपर्यंत संपत आलेली! एक डोळा घड्याळावर, एक कान बेलकडे. मला तर जेवतानाही पाय हलवायची सवय लागलीये.

आम्ही तिघी एकत्र बसतो. मी वैशाली, मुकुंदनगरची शबाना आणि जेऊरहून येणाऱ्या सिंधूताई. सिंधूताई आमच्यात मोठ्या, घरी शेती, दावणीला म्हशी. पण डबे बघाल तर तिघींच्याही डब्यात पाकिटातलं काहीतरी असतंच. सकाळच्या धावपळीत दुसरं करणार काय? आणि खरं सांगायचं तर, आवडतंही!

सिंधूताईंच्या सुनेने, पूजाने, घरात पहिल्यांदा चीज आणलं तेव्हा त्यांचे मालक, तात्या, जाम भडकले. "डेअरीला दूध आपन घालायचं, अन् त्याचीच वडी दुकानातून इकत आनायची? लई शानी झालीस!"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचं लक्ष नाही असं बघून सिंधूताईंनी एक स्लाइस गरम भाकरीच्या पोटात घातली आणि डबा भरला.

सुट्टीत बाई चावताहेत, चावताहेत, घास काही खाली जाईना. "चव बरी हाय गं," त्या म्हणाल्या, "पन वरची साय लई चिवट!"

शबानाने भाकरी उचकटून बघितली. प्लास्टिकचा कागद तसाच!

आता तात्या स्वतःच विचारतात म्हणे, "ती पिवळी वडी सपली का हाय?"

शबानाच्या नणंदेला, रुबिनाला, बघायला पाहुणे येणार होते. सांगितलं होतं दुपारचं, आणि हजर झाले सकाळीच! शबानाची सासू घरभर नुसती येरझाऱ्या घालायला लागली. कणीक भिजवलेली नाही, मटण अजून आलेलं नाही, आणि बाहेर मुलाची अम्मी सतरंजीवर बसून स्वयंपाकघराच्या दाराकडे टक लावून बघतेय.

शबानाने फ्रीजर उघडला. फ्रोझन पराठ्यांचं पाकीट काढलं, तवा तापवला, प्रत्येक पराठ्यावर चीज किसलं, घडी घातली आणि ताट रुबिनाच्या हातात दिलं. "जा. काही बोलू नकोस."

मुलाच्या अम्मीने पराठ्याचे पदर सोडवून दाखवले, एकेक पापुद्रा वेगळा करून. म्हणाली, "या पोरीच्या हाताला काय चव आहे! माशाल्लाह, आम्हाला पसंत."

लग्न झालं. पोरगी सुखात आहे. पण सासरी दर शुक्रवारी पराठ्यांची फर्माईश होते, आणि शबाना दर गुरुवारी पिशवी घेऊन नणंदेला 'सहज भेटायला' जाते!

माझं वेगळंच. आई बेलापूरहून राहायला आली आणि ओट्यावर आलं-लसणाच्या पेस्टची तयार बाटली बघून तिचा चेहरा उतरला. तशीच खाली बसली आणि घरातला सगळा लसूण सोलायला घेतला. मी डब्याच्या घाईत, कंपनीची बस चुकायची वेळ झालेली, आणि मागून सालं फेकल्याचा आवाज. असं वाटायचं, प्रत्येक पाकळीबरोबर ती मलाच सोलतेय!

"आई, बोटं दुखतील."

"दुखू दे. लेकीच्या घरी तेवढं तरी करू दे."

ती परत गेली आणि आठवड्याभराने तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, पाऊसपाणी झालं, मग आवाज खाली आणून म्हणाली, "वैशे, त्या बाटलीचं नाव काय गं?"

मागे आमच्याकडे पुण्याच्या कस्टमरचं ऑडिट होतं. सुपरवायझर शेळके साहेब सकाळपासून जागेवर नव्हते. इथून तिथे, तिथून इथे. आमच्याकडे एक श्रिंक मशीन आहे, बोगद्यासारखं. एका तोंडाने पार्ट आत जातो, आतल्या उष्णतेने प्लास्टिक आवळतं आणि दुसऱ्या तोंडाने पॅक होऊन बाहेर येतो. त्यात डबा गरम होईल का, हे शबानाच्या डोक्यात कधीपासून वळवळत होतं. सुट्टी होताच तिने चीज सँडविच फॉइलमध्ये गुंडाळलं आणि दिलं सोडून बेल्टवर!

नेमके त्याच वेळी साहेब ऑडिटरला घेऊन मशीनच्या दुसऱ्या तोंडाशी येऊन उभे राहिले. चकचकीत पुडी ऑडिटरच्या पुढ्यात येऊन थांबली.

"हा कुठला पार्ट?"

शेळके साहेबांना घाम फुटला. शबाना माझ्या मागे लपली. सिंधूताई मात्र पदर सावरून पुढे झाल्या. "सँपल हाय साहेब. तपासून बघा."

ऑडिटरने पुडी उघडली, वास घेतला, एक घास खाल्ला. त्याने शांतपणे दुसरा घास घेतला आणि म्हणाला, "टेंपरेचर बरोबर आहे."

आणि हा अलीकडचा किस्सा. उन्हाळ्यात सिंधूताई आणि पूजाचं वाजलं. कारण काय, तर फ्रिज! वरच्या कप्प्यात पूजाचं चीज, मटार, कॉर्न. सिंधूताईंना लोण्याचं भांडं ठेवायला जागा मिळेना. शब्दाने शब्द वाढला आणि सिंधूताई बोलून गेल्या, "ह्यो फ्रिज तुझ्या बापानं दिलाय का?"

पूजाने बॅग भरली आणि खर्ड्याला माहेरी निघून गेली.

मग सिंधूताईंचं कशातच लक्ष लागेना. खोक्यांवर लेबलं उलटी. डबा तसाच परत. फोन हातात घ्यायचा, ठेवायचा, परत घ्यायचा. मुलगा म्हणायचा, तू बोललीस, तू बघ. "जाऊन काय बोलू गं, वैशाले?" त्या मला विचारायच्या.

एका रविवारी त्या नगरच्या दुकानातून पिशवी घेऊन एसटीत बसल्या. जामखेडला गाडी बदलली, भर उन्हात खर्ड्याला पोचल्या. पूजाच्या आईने पाणी दिलं, चहा दिला. पूजा दाराआड उभी. शेवटी सिंधूताईंनी पिशवी पुढे सरकवली.

"तुझ्यासाठी चीज आनलंय."

पूजाने पिशवी उघडून बघितली.

"आत्या, हे चीज न्हाई. हे पनीर हाय."

सिंधूताई उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि पायात चपला सरकवल्या.

"मग चल नगरला, बदलून आनू. त्यो दुकानदार माझं एकटीचं ऐकायचा न्हाई."