चांदणीच्या शेपटीतली गाठ

भूतबाधा, नजर, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खापरखेड्याच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला आहे. मीटरवर जे दिसत नाही, त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही. तरी हे लिहितोय, कारण त्या दुपारी घरी मी एकटाच होतो.

सक्करदऱ्याला आमचं घर, मागे पत्र्याचा तबेला. बाबांची पांढरी घोडी चांदणी लग्नाच्या वरातींना जाते. तिची आयाळ मीही विंचरतो, पण शेपटीला हात फक्त ताईचा. दुसरं कोणी मागे उभं राहिलं की लाथ ठरलेली. ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरलेले, तरी वरात आहे म्हणून तिनंच चांदणीच्या शेपटीची वेणी घातली — घट्ट, जरीची फीत बांधून.

दुसऱ्याच दिवशी ताई दवाखान्यात अडली. आई-बाबा तिच्याजवळच होते. दुपारी तिथून आईचा फोन आला. "घरातल्या साऱ्या गाठी सोड गा. कुलपं उघड. एकबी ठेवू नको. घरात गाठ राहिली का बाळ अडते."

"आई, डॉक्टर पाहून राहिले ना..."

"मले शिकवू नको. सोड."

चिडचिड करत सोडल्या. पोत्यांच्या सुतळ्या, पडद्यांचे बंद, माझ्याच बुटांच्या लेस. स्वतःचं हसू येत होतं, तरी एकेक गाठ शोधत होतो. मग आठवलं — चांदणीची वेणी राहिली.

तबेल्यात गेलो तर फीत गव्हाणीवर घडी करून ठेवलेली. वेणी अर्धी सुटलेली. चांदणी डोळे मिटून, मागचा पाय सैल टाकून उभी होती. अशी ती फक्त ताई विंचरते तेव्हा उभी राहते. आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक पेड सुटत होता... सावकाश, केस न ओढता. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

मुळाशी एक गुंता उरला आणि तिथे सगळं थांबलं.

ताईच थांबली, असं वाटलं मला. एवढा मी कधीच घाबरलो नव्हतो. लाथेची पर्वा न करता मागे गेलो आणि गुंत्यात बोटं घातली. केसांना आधीच ताजं तेल लावलेलं होतं, गुंता सोडवण्याआधी ताई लावते तसं. चांदणी हलली नाही. एक एक केस वेगळा करत गेलो, तोंडाने "ताई, ताई" चाललेलं. शेवटचा केस मोकळा झाला आणि थोड्या वेळात फोन वाजला. आई रडत होती. "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. मी अजून कोणाला काही बोललो नव्हतो. ताईने डोळे उघडले, हळूच म्हणाली, "वरची गाठ तूच सोडली ना गा? माझे हातच उचलत नव्हते."

डॉक्टर म्हणाले, औषधाची गुंगी. असेल. पण तेलाचं काय?

दुसऱ्या दिवशी हिंमत करून फणी घेऊन चांदणीच्या मागे उभा राहिलो. मांडीवर अजून वळ आहे. त्या दुपारी तिनं मला उभं राहू दिलं, की माझ्या शेजारी जी उभी होती तिला... मला खरंच माहीत नाही.