बाबांचा चहात बुडवलेला फोटो

मी पनवेल सोडलं त्या दिवशी लाइन आळीतल्या आमच्या दोन खोल्यांत मधोमध एक सूटकेस उघडी पडली होती. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आई, आणि आमची चांगलीच जुंपली होती. मी एक वस्तू आत ठेवायची, की ती दुसरी बाहेर काढायची. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले, हे आधीच मस्कतला जाऊन नोकरीवर रुजू झालेले, माझा व्हिसा आलेला आणि संध्याकाळी टॅक्सी दारात यायची होती. अशा वेळी मायलेकी गळ्यात पडून रडतात म्हणे. आम्ही एका पत्र्याच्या डब्यावरून भांडत होतो.

त्या डब्यात माझा संसार होता. लग्नपत्रिकांवरचे कापून ठेवलेले गणपती, आगपेट्यांवरची चित्रं, एसटीची तिकिटं, बंद पडलेल्या घड्याळातली पितळी चक्रं आणि बाबांनी कंपनीतून आणलेली बाटल्यांची कोरी लेबलं. शाळेत असल्यापासून मला हा नाद. कागदावर शाई सांडायची, तिच्यात ब्रश फिरवायचा, वर काहीबाही चिकटवायचं, त्याच्यावर पुन्हा रंग. या प्रकाराला कोलाज म्हणतात हे मला कितीतरी उशिरा कळलं. आईच्या लेखी त्याला एकच शब्द होता, पसारा.

"बोहारीण कुठली!" ती म्हणाली. "लोक परदेशात जाताना सोनंनाणं नेतात, आणि ही भंगार घेऊन निघालीय. सामानाला वजनाची मर्यादा आहे, कळतंय का? तुझा उकिरडा नेतेस की मेतकूट?"

मेतकूट जिंकलं. डबा माळ्यावर गेला. बाबा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे वाचायचं सोंग करत होते. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ते स्टोअरकीपर होते. मला चित्रांसाठी पाठकोरे कागद लागतात म्हणून साहेबाला विचारून रद्दीतले कागद घरी आणायचे. त्या कागदांना आणि बाबांच्या शर्टाला एकच वास यायचा, तळोज्याचा. लोक त्या वासाला नाकं मुरडायचे, तक्रारी करायचे, आणि खरंच तो वास वाईटच होता. पण मला विचाराल तर मला तो अजून आठवतो आणि आवडतो, काय करू! टॅक्सी आली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "पोचल्यावर कळव." मग खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत उभे राहिले.

मस्कतला रूवी भागात आमचा फ्लॅट होता. खिडकीतून दिसायचे ते बोडके तपकिरी डोंगर. झाड नाही, गवत नाही. पनवेलच्या आसपासचे हिरवे डोंगर बघून वाढलेल्या माणसाला ते बघून घशाला कोरड पडते. हे सकाळी सातला ऑफिसला जायचे. मी, एसी आणि ते डोंगर. तिसऱ्या दिवशी मी आईने बांधून दिलेली पुडकी उघडायला घेतली आणि मला हसूच फुटलं. अहो, आईने डबा ठेवून घेतला खरा, पण सगळा उकिरडा माझ्याबरोबरच पाठवला होता! मेतकुटाला कालनिर्णयाच्या जुन्या महिन्याचं पान, त्यावर तिच्या अक्षरात 'दूध नाही' आणि 'गॅस लावला'. पापडांना वर्तमानपत्राची पुरवणी. कोकमांना जुन्या धोतराचा तुकडा, लाल डाग पडलेला. लाडवांच्या खोक्याला मिठाईवाल्याच्या दुकानाची छापील दोरी. मी लाडू खाल्ले ते नंतर. आधी ती दोरी सोडवून गुंडाळून ठेवली.

तिथून माझं काम खरं सुरू झालं. मैद्याची खळ शिजवायची, चहाच्या पाण्यात कागद बुडवून वाळवायचे, निळ्या शाईचा पातळ हात फिरवायचा, कडा उदबत्तीने जाळायच्या. मतरहच्या सूकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, मोडकी चांदीची घुंगरं, गंजकी कुलपं, लोबानाच्या रिकाम्या डब्या मिळायच्या. दुकानदाराला वाटायचं ही बाई वेडी आहे, पण तो 'माफी मुश्किल', म्हणजे काही हरकत नाही, म्हणत हसत द्यायचा. खालच्या मजल्यावर एक इंग्रज बाई राहायची. तिने माझं एक चित्र बघितलं आणि म्हणाली, हे तर व्हिंटेज! मला शब्द भारी आवडला. आईला फोनवर सांगितला, तर ती म्हणाली, "म्हणजे जुनाटच ना गं?"

पनवेलहून मस्कतला येणारं कुणी ना कुणी असायचंच, आणि त्याच्या हाती आईचं पुडकं यायचं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे विमानात बसून गेले त्यांना हे सांगायला नको. पुडकं आलं की आधी हुंगायचं. बाकीचे आतल्या चकल्या मोजतात, मी वरचे कागद मोजायची. त्या कागदांवरून मला घरातलं सगळं कळायचं. कुणाचं लग्न झालं, कुठल्या दुकानात सेल लागला, आईने किराण्याचं दुकान बदललं का. फोनवर आई फक्त "सगळं ठीक आहे" म्हणायची. कागद जास्त बोलायचे.

मग बाबांना अ‍ॅटॅक आला. मला सातवा महिना होता, डॉक्टरांनी विमान बंद केलेलं. पंधरवडाभर मी त्या बोडक्या डोंगरांकडे बघत बसून होते. रडायचं नाही म्हणे, बाळाला त्रास होतो! तेव्हा मी हातात काम घेतलं. पनवेलहून निघायच्या आदल्या दिवशी मी बाबांचा एक रंगीत फोटो काढला होता, दारात उभे, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्याची मी मोठी झेरॉक्स काढली. चहात बुडवली, वाळवली. लंबगोल कापली. भोवती आईने पाठवलेले सगळे कागद लावले, कालनिर्णय, धोतराचा तुकडा, ती छापील दोरी. खाली सूकमधल्या मोडक्या घड्याळाचं चक्र आणि कडेने सुकवलेली गुलाबाची फुलं. वर शाईचे हलके ओघळ. इतकं सुंदर चित्र माझ्या हातून तोवर झालं नव्हतं. मला वाटत होतं, हे पुरं होईस्तोवर बाबांना काही होणार नाही. आणि बाबा घरी आले, हिंडूफिरू लागले. मी चित्राला काचेची फ्रेम करून घेतली आणि एका ओळखीच्या माणसाबरोबर पनवेलला पाठवून दिलं.

आता पुढचं मला बाबांनी सांगितलं तसं सांगते. आईने फ्रेमवरची बांधाबांध सोडून ती भिंतीला टेकवून ठेवली आणि ती चष्मा आणायला आत गेली. तेवढ्यात बारकूबाई आली. बारकूबाई बेलपाड्याची, टोपलीत भाजी घेऊन आमच्या आळीत वर्षानुवर्षं यायची. तिने दारातून बघितलं, तपकिरी झालेला बाबांचा, म्हणजे तिच्या दादांचा फोटो, काच, भोवती फुलं. टोपली खाली ठेवली आणि तिने गळाच काढला. "आवो वयनी, दादा गेलं नि आमाला सांगला पन नाय!" तिचा हंबरडा ऐकून शेजारणी धावल्या. आणि बाबा न्हाणीतून टॉवेल गुंडाळून ओले बाहेर आले आणि घाबरून विचारतात, "कोण गेलं गं?"

"आरं देवा! दादा, तुमी हायत!" बारकूबाई ओरडली. "मंग ह्यो फोटू कोनाचा?"

बाबा हे सांगताना फोनवर इतके हसत होते, की मी म्हटलं, बाबा, छातीला जपा. पण मग त्यांच्या हातातला फोन आईने घेतला.

"वैशू, तुला काही अक्कल?" ती म्हणाली. "आत्ता कुठे मरणाच्या दारातून माणूस परत आणलाय मी. आणि तू जित्या माणसाचा असा फोटो करून पाठवतेस? फुलं लावून? तो मी पालथा करून कपाटामागे टाकलाय. पुन्हा असलं काही करायचं नाही."

मी सांगायचा प्रयत्न केला. आई, हे व्हिंटेज असतं, हे प्रेमाने केलेलं आहे. पण कॉलची मिनिटं पळत होती, मी फोन ठेवून दिला. मी ते चित्र बाबा राहावेत म्हणून केलं होतं. आईला त्यात बाबा गेलेले दिसले. दोघींना भीती एकच होती, आणि तरी एकमेकींना समजावता येईना.

पुढचं पुडकं आलं ते बाळंतविड्याचं. डिंकाचे लाडू, हळीव, बाळाची झबली. उघडलं आणि बघते तर काय! सगळं कोऱ्या करकरीत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. रबरबँडसुद्धा नवे. कागदाचा एक कपटा नाही. तिने मुद्दाम तसं बांधलं होतं, मला कापायला काही मिळू नये म्हणून. मी हमसून हमसून रडले. यांना कळेना. "अगं, लाडू आलेत ना? रद्दीसाठी कुणी रडतं का?" हे म्हणाले. आता यांना काय सांगणार कप्पाळ! पुढची तीन वर्षं पिशव्याच आल्या. माझ्याकडे शाई होती, रंग होते, सूकमधली कुलपं होती. घरचं काही नव्हतं. चित्रं बरी व्हायची, पण ती कुणाचीही वाटायची. मी हळूहळू करणंच सोडलं.

मग आई-बाबांनीही घर सोडलं. फार लांब नाही हो, रुळांच्या पलीकडे, नवीन पनवेलच्या एका सेक्टरमध्ये वन बीएचके. पण आईसाठी ते मस्कतच होतं. मी लेकीला घेऊन हातभार लावायला आले. लाइन आळीत दार उघडं असायचं, इथे दाराला भिंग बसवलेलं. आई सारखी त्या भिंगातून बघायची आणि म्हणायची, "कुणीच येत नाही गं." भिंती पांढऱ्याफटक, बोडक्या. माझ्या खिडकीतल्या डोंगरांसारख्या. तेव्हा मला तिच्याबद्दल पहिल्यांदाच वाटलं, अरे, ही पण माझ्यासारखीच निघून आलेली आहे.

सामान लावताना कपाटामागून आलेली ती फ्रेम बाबांनी स्वतः हातात धरली. "हे हॉलमध्ये लावायचं," ते म्हणाले.

"मुळीच नाही," आई म्हणाली.

"का नाही? मी मेल्यावर लावालच. तेव्हा मला बघायला मिळणार आहे का? पोरीने एवढं केलंय. मला जिवंतपणी बघू दे की!"

आई स्वयंपाकघरात गेली, भांडी आपटली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, फ्रेम मांडीवर घेऊन बसली आणि काचेवरून बोट फिरवत राहिली. "हे माझ्या मेतकुटाचं पान," ती म्हणाली. "आणि ही लाडवाची दोरी. एवढंसं पण टाकलं नाहीस होय?" मग पदराने नाक पुसून माझ्याकडे न बघता हुकूम सोडला. "आधी ही मेली फुलं काढ. आणि ह्यांच्या शेजारी मला चिकटव. दोघं शेजारी बसलेली असली की कुणाची हार घालायची टाप नाही."

खळ तिनेच शिजवली, किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. तिने स्वतःचा फोटो निवडला, पोपटी साडीतला, रंगीत. मी म्हटलं, आई, याची झेरॉक्स काढून चहात भिजवते, म्हणजे बाबांच्या रंगाला जुळेल. तर म्हणते कशी, "मला चहात बुडवायची नाही! मी आहे तशी लाव." झालं. माझ्या त्या मुरलेल्या, तपकिरी, व्हिंटेज चित्रात एक पोपटी बाई ठसठशीत येऊन बसली. चित्राचा तोल पार गेला. पण बाबा खूश, आई खूश, आणि मी परत निघाले तेव्हा चकल्या पुन्हा वर्तमानपत्रात बांधलेल्या होत्या.

दोन वर्षांनी बाबा गेले. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. कुणीतरी चांगल्या मनाने मोठा हार आणला होता आणि तो चित्राला घालायला स्टुलावर चढला होता. पांढऱ्या साडीतली माझी आई भिंतीशी बसलेली. ती तिथूनच बोलली, अगदी शांत आवाजात. "खाली उतर रे बाबा. त्याला हार घालायचा नाही. मी आहे त्यात." हार मग दुसऱ्या एका फोटोला घातला.

आता आईही नाही. नवीन पनवेलचा फ्लॅट दुसऱ्या कुणाचा आहे, लाइन आळीत आमच्या जागी एक इमारत उभी आहे. पनवेलला जाते तेव्हा मी लॉजवर उतरते आणि रिक्षावाला मला बाहेरची समजून रस्ता लांबून नेतो. नेऊ दे. चित्र इथे मस्कतला माझ्या हॉलमध्ये आहे. हार घातलेला नाही, घालणारही नाही. नवे लोक घरी आले की त्या पोपटी साडीकडे त्यांचं लक्ष जातंच, आणि कुणी ना कुणी विचारतं, "तुमचे आईवडील का? कुठे असतात?"

"पनवेलला," मी सांगते, आणि चहा टाकायला आत जाते.