दगडूअण्णांचं उपरणं

आमच्या नगरच्या नाटक मंडळीतले दोघे जरी चहाला भेटले, तरी दगडूअण्णांचा विषय निघतोच. एकाचा किस्सा संपेपर्यंत दुसऱ्याला दुसरा आठवतो आणि चहा निवून जातो. मी प्रॉम्प्टर, विंगेत पुस्तक धरून बसणारा, त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्तच!

अण्णा पुणतांब्याचे, शेतकऱ्याघरचे. विशीत नांगर थोरल्या भावाच्या हाती देऊन जे स्टेजवर आले, ते केस पिकले तरी तिथेच. नाटकं गाजली, सिनेमेही झाले. पण या थोरल्या भावाने, दादांनी, त्यांचं एकही काम पाहिलं नव्हतं. "तोंडाला रंग फासायचा, त्यात काय बघायचं?" म्हणायचे.

अण्णांना ते फार लागायचं. प्रत्येक प्रयोगाआधी मला म्हणायचे, "पडद्याच्या भोकातून बघ रं, दादा आलाय का. माझंच नाक हाय, वर फेटा."

मी 'नाही' म्हटलं की दादांची बाजू स्वतःच घ्यायचे. "उसाला पानी आसंल आज!" पुढच्या वेळी, "बैल आजारी आसंल!" त्या बैलाला वर्षानुवर्षं बरं वाटलं नाही.

*

नव्या नटांना अण्णा तालमीआधी घोडेगावच्या बैलबाजारात न्यायचे. तिथे हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. तोंडाने आकडा काढायचा नाही.

"चेहरे बघा," अण्णा म्हणायचे. "आत बोटांची झुंज लागलीय, अन् वर माशी बसली तरी हालत न्हाईत. ॲक्टिंग हितं शिका!"

आमचा हिरो शरद. स्टेजवर कायम हातवारे! त्याला चेव आला. एका हेड्याच्या उपरण्याखाली हात घालून त्याने गंभीर चेहऱ्याने दोन-चार बोटं दाबली. हेड्याने उपरणं झटकलं आणि बैलाचा कासरा शरदच्या हातात दिला!

सौदा मोडता मोडता दुपार टळली. परतताना शरद रडकुंडीला आलेला. अण्णा म्हणाले, "रडतो कशाला? पयल्यांदाच तुझं काम समोरच्याला खरं वाटलं!"

*

एका सिनेमात अण्णांना बैलाच्या गळ्यात पडून रडायचं होतं. अण्णांनी डायरेक्टरला विचारलं, "नाव काय ह्याचं?"

"स्क्रिप्टमध्ये बैलाला नाव नाही."

"मग हाक कुनाला मारू?"

शूटिंग थांबलं. मालकाला शोधून आणलं. बैलाचं नाव निघालं पोपट! अण्णांनी एकदाच हाक मारली आणि सीन पहिल्या टेकला ओके.

पण पोपटला अण्णांचा असा लळा लागला, की दुपारी हिरोईनचं गाणं चालू असताना तो अण्णांना शोधत थेट तिच्या मागे येऊन उभा राहिला. डायरेक्टर ओरडला, "कट! अण्णा, हा बैल तुमचा आहे का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "पन त्याला आजून कुनी सांगितलं न्हाई!"

*

बहात्तरच्या दुष्काळात सोनईला प्रयोग होता. एका प्रवेशात अण्णा तांब्या तोंडाला लावायचे. तांब्या रिकामाच, पण घोट घशाखाली उतरताना दिसायचा. त्या दिवशी त्यांनी तांब्या उलटा केला, आत पाहिलं आणि हळूच खाली ठेवला.

समोर एक बाई कळशी घेऊन बसली होती. पाण्यासाठी उन्हात रांग लावून तशीच नाटकाला आलेली. ती उठलीच. "दमा बाबा, म्या देते पानी!"

पुस्तकात हे कुठेच नव्हतं, मी काय सांगणार? अण्णा स्टेजच्या कडेला आले, ओंजळ धरली आणि म्हणाले, "माय, एकच घोट दे. घरी लेकरं असतील तुझी."



*

आणि मग पुणतांबं. दुपारचा प्रयोग. भोकातून पाहिलं आणि चरकलोच. तिसऱ्या रांगेत तेच नाक, वर फेटा!

"आलेत," मी म्हणालो.

पहिल्याच प्रवेशात अण्णांनी तीन वाक्यं गाळली. आयुष्यात असं झालं नव्हतं. मी विंगेतून ओरडायचाच बाकी राहिलो होतो.

शेवटच्या प्रवेशात अण्णांचा म्हातारा शेतकरी दावणीचा शेवटचा बैल विकतो. उपरण्याखाली सौदा. पुस्तकात त्यांना चार वाक्यं होती. अण्णा एकही बोलले नाहीत, आणि मीही एकही सांगितलं नाही. चेहरा ढिम्म होता. उपरणं तेवढं थरथरत होतं.

प्रयोगानंतर दादा रंगपटात आले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी अण्णांच्या हातावर टाकलं आणि त्याखाली आपला हात घातला. दोघे भाऊ समोरासमोर, तेच नाक, तोच दगडी चेहरा. उपरण्याखाली बोटं तेवढी हलत होती.

मग दादांनी उपरणं झटकलं. "चलतो. धारा काढायच्यात." आणि गेले.

शरदला राहवेना. "अण्णा, किती बोटं दाबली दादांनी?"

अण्णा आरशाकडे वळले आणि गालावरचा रंग पुसू लागले.

"खुळा का काय रं? उपरन्याखालचं भाईर सांगत्यात व्हय?"